बादलीची आजी

राजधानीपासून समुद्रकाठच्या हॉटेलांपर्यंत जाणाऱ्या हमरस्त्यावर वारा रोज वाळू आणून टाकतो. ती झाडायचं काम आत्याचं; अख्खा रस्ता तिला आत्याच म्हणतो. तोंडाची फटकळ. कुणी हॉर्न वाजवला की झाडू उगारून विचारायची, "तुझ्या बापाने झाडलाय का रस्ता?"

वादळ झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी तिची लेक बाळंतपणात अडली. तिला राजधानीला नेणारी अँब्युलन्स वळणावरच्या वाळूत रुतली. आत्या एकटीच झाडू घेऊन भिडली, पण वाळू काही हटेना. तेवढ्यात समोरून, समुद्राकडे निघालेली सहलीची बस येऊन थांबली. आता हा हॉर्न मारणार, म्हणून आत्याने झाडू उगारलाच होता.

ड्रायव्हर खाली उतरला, आत आत्याची लेक अडलीय हे अँब्युलन्सवाल्याकडून कळताच ओरडला, "मंडळी, पोरांची वाळूतली खेळणी काढा!"

लाल-पिवळ्या बादल्या आणि वीतभर फावडी घेऊन अख्खी बस वाळूवर तुटून पडली.

"आत्याबाई, किल्ला मग समुद्रावर बांधू. आधी नातवाला वाट देऊ," ड्रायव्हर म्हणाला.

"नातू कशाला? नात येईल!" आत्या रडता रडताही भांडली.

अँब्युलन्स वेळेत सुटली, आणि नातच झाली. घरात तिला लाडाने बादली म्हणतात. आत्याचं तोंड अजून तसंच आहे. फक्त सहलीची बस दिसली की झाडू बगलेत धरून हात जोडते, हॉर्न वाजला तरी.