सुनेच्या गाडीवर

चष्मेवाले काका वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मोटरसायकलवर बसले. तेही मागे, आणि तेही सुनेच्या.

एरवी सायकलवर जाणारा माणूस. दुकान दुसऱ्याचं. काका मागच्या खोलीत फिरत्या दगडावर काचा घासायचे, फ्रेम गरम करून त्यात बसवायचे. चाळीस वर्षं नाकापासून वीतभर अंतरावरचं काम. लांब बघायची त्यांना सवयच राहिली नव्हती.

गाडीची आणि भटकण्याची हौस त्यांच्या मुलाला. लग्न झाल्यापासून दर रविवारी नवरा-बायको सकाळी गाडीला किक मारून निघायचे, धक्क्यावर जाऊन गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि पलीकडच्या काठाला रस्ता नेईल तिकडे जायचे. संध्याकाळी नाकं भाजून परत. "घर खायला उठतं का रे तुम्हाला?" आई करवादायची, आणि पुढच्या रविवारी स्वतःच डबा भरून द्यायची.

लग्नाला चार वर्षं झाली आणि मुलाला ताप आला. साधा म्हणता म्हणता अकराव्या दिवशी सगळं संपलं.

सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. सुई टोचलेली कळत नाही असा तिचा हात, म्हणून लोक तिचीच वेळ मागून घ्यायचे. माहेरी एक भाऊ, तोही परमुलखात. ती राहिली सासू-सासऱ्यांजवळच. आठवडा कसाबसा निघायचा. रविवार मात्र काही केल्या सरायचा नाही. तीन माणसं तीन खोल्यांत. सासूबाई घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. गाडी जिन्याखाली ताडपत्रीत उभी.

असाच एक रविवार. काकांना खालून किकचा आवाज आला. खाली गेले तर सून गाडीवर बसलेली, घामाघूम.

"बाबा, विकायची असेल तर विका," ती म्हणाली, "पण एकदा तरी मला ती चालवायची आहे. चार वर्षं मी नुसती त्याची पाठ बघितली."

"चालवता येते?"

"नाही."

"मग शिक," काका म्हणाले.

गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात ती शिकली. ज्यांना क्लच कुठल्या हाताला असतो हेही ठाऊक नव्हतं ते काका शेजारून धावत, "सावकाश! सावकाश!" एवढंच ओरडत राहायचे. ती दोनदा पडली, सायलेन्सरने पोटरी भाजून घेतली. काका न पडताच चार दिवस लंगडले. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी कुणाला हसलं.

पहिल्यांदा फेरीला निघाले तेव्हा तिने नवऱ्याचं हेल्मेट घातलं, आत रुमाल कोंबून. काकांना तिचं जुनं दिलं.

"धरू कुठे?" काका अवघडून म्हणाले.

"खांद्याला धरा. लाजताय काय, बाप आहात माझे."

धक्क्यावर गाड्यांना दोर बांधणाऱ्या खलाशाने गाडी ओळखली. "काय वहिनी, आज साहेबांना मागे बसवलंत?" तो हसत म्हणाला, आणि हेल्मेटमधून काकांचं म्हातारं तोंड बाहेर आलं तेव्हा त्याचा हात दोरावर थांबला.

"गेले ते," सून म्हणाली. खलाशाने मान खाली घातली आणि दोराला उगाच दोन गाठी जास्त मारल्या.

तीन वर्षं हे रविवार चालले. फेरीत कठड्याला टेकून, कुठल्याशा टेकडीच्या चढावर, पाव-ऑम्लेटच्या टपरीवर सून बोलत राहायची आणि काकांना मुलगा नव्याने कळत जायचा. तो गाडी चालवताना शीळ घालायचा. बाबांसारखा बारीक कामाचा हात आपल्याला नाही, याचं त्याला वाईट वाटायचं. "मला कधी बोलला नाही," काका म्हणाले. "तुम्हाला कसं बोलेल?" सून म्हणाली. काकांनी ऑम्लेटची बशी बाजूला सारली.

सायकलवाला माणूस त्यांच्या आयुष्यात आला तो काकांमुळेच. शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. रविवारी सायकल घेऊन फेरीने पलीकडे जायचे. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. चार रविवार काकांनी कळ सोसली. पाचव्या रविवारी उठले आणि म्हणाले, "द्या तो इकडे, मला बघवत नाही." खिशातल्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने दांडीचा स्क्रू पिळून दिला. मास्तरांनी चष्मा घातला, सुनेकडे बघून म्हणाले, "अरेच्चा, पलीकडे किनारा आहे की!" आणि सून हसली. तोंडदेखलं नाही, पोटातून.

काकांच्या काळजात लक्कन काहीतरी हललं. आनंद का दुःख, त्यांना सांगता आलं नसतं. तसं ती मुलाच्या वेळी हसायची.

पुढे मास्तर दर रविवारी भेटू लागले. भला माणूस होता. बोलण्यात कुठे आगाऊपणा नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मग काकांचा गुडघा दुखू लागला. "तू जाऊन ये, आज मला झेपायचं नाही." एक रविवार, दोन रविवार, सहा रविवार.

"गुडघा दुखतो म्हणे," एक दिवस बायको म्हणाली, "आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढताय. मला काय दुधखुळी समजलात? पोराची बायको स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या घरी पोचवताय."

"तिशीची पोर आहे ती. जन्मभर आपल्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या का तिने?"

"ती आहे म्हणून या घरात अजून त्याचं नाव निघतं. ती गेल्यावर मी कुणाशी बोलू त्याच्याबद्दल? तुमच्याशी?"

त्या दिवसापासून बायकोने कामापुरतं बोलणं ठेवलं.

मास्तरांची लांबच्या गावी बदली झाली तेव्हा त्यांनी सुनेला लग्नाचं विचारलं. ती सरळ काकांकडे आली. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा पुसायच्या कपड्याशी चाळा करत म्हणाली, "मी नाही म्हणून सांगितलंय. तुम्हाला सोडून मी कुठेही जायची नाही."

काकांनी फिरता दगड बंद केला. समजावून ती ऐकणार नाही, हे ते ओळखून होते. मग ते जे बोलले, ते त्यांनी आठ दिवस मनात घोळवलं होतं.

"तू जा. तू समोर दिसलीस की तो गेलाय हे आम्हाला रोज नव्याने कळतं. तू आहेस तोवर आमची जखम भरायची नाही. आमच्यासाठी म्हणून तरी जा."

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "आईंनाही असंच वाटतं?"

"हो," काका म्हणाले.

तिने हातातला कपडा घडी करून ठेवला आणि ती बाहेर पडली. महिन्याभरात नोंदणी कार्यालयात सही करून मास्तरांबरोबर गेली. निघताना गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "ने की गाडी, तुझीच आहे," काका म्हणाले. "नको. तुमच्या मुलाची आहे," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला असं परक्यासारखं कधी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर काका एकदाच सायकल घेऊन फेरीत चढले. पलीकडे उतरले नाहीत, त्याच फेरीने परत आले. गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने चालवायला नेली ती त्याच्याकडेच राहिली.

दोन वर्षं गेली. फोन यायचे ते मास्तरांचे. मुलगी झाली, हेही मास्तरांनीच कळवलं. बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा एका रात्री बायकोने विचारलं, "तुम्ही तिला काय सांगितलंत हो? एवढी माया लावलेली पोर एकदाही आवाज ऐकवत नाही?" काकांनी सांगितलं. "माझं नाव घेऊन सांगितलंत?" तिने विचारलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. सकाळी म्हणाली, "चला. मला तिच्याकडे न्या."

बसने सहा तास. सुनेने दार उघडलं, वाकून नमस्कार केला. चहा दिला, बिस्किटं दिली, बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. सगळं रीतसर. कधीतरी आलेल्या पाहुण्यांचं करावं तसं.

सासूबाईंना राहवलं नाही. "बाई गं, मी तसं कधी म्हटलं नव्हतं. मी तर तुझ्यासाठी यांच्याशी बोलणं टाकलं होतं."

"मीच खोटं बोललो," काका म्हणाले. "नाहीतर तू गेली नसतीस."

"कळलं ते मला," सून शांतपणे म्हणाली. "सहा महिन्यांनी माझं मलाच कळलं. पण बाबा, ते सहा महिने मी रोज मनात तुमच्या दारात उभी राहायचे आणि तुम्ही रोज मला जा म्हणायचात. नंतर खरं कळलं म्हणून ते पुसलं जात नाही. मी सुखात आहे. तुमच्यावर रागही नाही. फक्त आता जवळ यायला पाय उचलत नाही."

मास्तर चष्मा काढून पुसत राहिले. सासूबाईंनी बाळाची पावलं हातात धरली होती, ती सोडवेनात.

संध्याकाळच्या बसवर ती सोडायला आली. पोचल्याचं कळवा, म्हणाली. घरी आल्यावर काकांनी लगेच फोन लावला. मास्तरांनी उचलला. ती झोपलीय, म्हणाले. मागे ती बाळाला जोजवत होती. तिचा आवाज काकांना स्पष्ट ऐकू येत होता.

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"नीट पोचलात ना, म्हणाली. आणि बाळ तुझी आठवण काढतंय म्हणाली."

"चार महिन्यांचं बाळ?" बायको म्हणाली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.