जीप, ट्रेलर आणि चार बोटं

फौजेत मी चोवीस वर्षं व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून घरी आलो. फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. माझ्या हातात बहुतेक वेळ पाना असायचा. ज्या पोस्टिंगबद्दल मी लिहितो आहे तिथे तर पाण्याची टाकीच सगळ्यात महत्त्वाची होती. उत्तरेच्या डोंगरात, जिथे बरा रस्ता संपतो तिथे, आमचं छोटं डिटॅचमेंट होतं. वर दोन पोस्ट. त्यांना रोज पाणी पोचवायचं, एवढंच काम. गाडी एक, जोंगा, जीपहून रुंद आणि थोराड. तिच्यामागे दोन चाकांचा पाण्याचा ट्रेलर. ०५०० ला उठायचं, ०६०० ला गाडीची तपासणी, ०६४० ला रवानगी.

ड्रायव्हर होता नाईक देविदास. तो अनसिंगचा, मी केनवडचा. अख्ख्या युनिटमध्ये वाशीम जिल्ह्याचे आम्ही दोघेच. आपसात वऱ्हाडीत बोलायचो, तर पंजाबी सुभेदारसाहेब म्हणायचे, "ये दोनों कोड में बात करते हैं." देविदास मला उस्ताद म्हणायचा. गाडी धुताना गुणगुणायचा, आणि ट्रेलरची कडी हुकात अडकवली की तिला एक चापट मारायचा, बैलाला मारतात तशी.

हे आता इतक्या वर्षांनी लिहायला बसलो त्याला कारण रेखा. देविदास गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. आज अनसिंगची सगळी शेती तीच पाहते. या फेब्रुवारीत ती केनवडला माझ्या गॅरेजच्या शेडपुढे आली. स्वतः एक जुनी जीप चालवत होती, आणि मागून एका टेम्पोत घालून आणलेला ट्रेलर.

"काका, पाहा काय भेटलं! भंगारवाल्याकडं होता. फौजेचा हाय. बाबाच्या वेळचा."

तिनं निळ्या रंगाचा एक पोपडा नखानं काढून दाखवला. खाली ऑलिव्ह ग्रीन. मला रंग पाहायची गरज नव्हती. टाकी काढून टाकलेली होती, वर माल ठेवायला लोखंडी साटा बसवला होता, पण खालची चौकट मी झोपेत ओळखली असती. तोच ट्रेलर. म्हणजे तोच नव्हे, त्याच जातीचा. मी उगाच जीपचं बॉनेट उघडून आत पाहत बसलो.

तिचं काम साधं होतं. तिचं हळदीचं शेत नाल्यापलीकडे. तिथे जायला पांदण, म्हणजे बैलगाडीपुरता रस्ता, आणि नाल्यावर बिनकठड्याची अरुंद फरशी, म्हणजे ठेंगणा पूल. ट्रॅक्टर-ट्रॉली तिथे शिरत नाही. बैल आता कोणाकडे राहिलेत? हळद खणून शेतात पडली होती.

"आठ दिसात जोडून द्या, काका. नाई तं हळद तिथंच सडते."

मी फीत काढली. जीपच्या डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंतचं अंतर घेतलं, मग ट्रेलरचं. ट्रेलर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त. मोजायच्या आधीच मला ते माहीत होतं.

ज्यांनी कधी ट्रेलर ओढला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीला ट्रेलर जुळवताना तीन गोष्टी पाहायच्या. गाडीचा हुक आणि ट्रेलरची कडी एका उंचीवर हवी. चाकं दोघांची एकच हवीत, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालते. आणि ट्रेलरची चाकं गाडीच्याच चाकोरीत पडायला हवीत. लिहिणारी मंडळी 'चाकोरीतलं जगणं' म्हणून नाक मुरडतात. त्यांनी एकदा कड्याच्या बाजूनं ट्रेलर ओढून पाहावा. ड्रायव्हरला फक्त स्वतःची चाकं कळतात. मागचं चाक त्याच रेघेत येतंय या भरवशावर तो गाडी पुढे काढतो.

मी ट्रेलरचा ॲक्सल काढून फेकला. दुसऱ्या एका जुन्या जीपचा मागचा ॲक्सल आणला, स्प्रिंगचे पाटे आत सरकवले, चाकं जीपचीच लावली. हुक खाली घेतला. दिव्यांची वायरिंग नवी केली, कारण फौजेच्या ट्रेलरचे दिवे चोवीस व्होल्टचे आणि जीपची बॅटरी बारा व्होल्टची. सातव्या दिवशी काम संपलं. मग मी मोजत बसलो. सकाळी मोजायचो, जेवलो की मोजायचो, चहा ठेवला की तो निवेपर्यंत पुन्हा एकदा. रेखाचा फोन आला की सांगायचो, अजून थोडं बाकी आहे. खुर्चीत पाच मिनिटं बूड टेकत नव्हतं. आमच्या घरच्या मंडळींचं नाव विमल. ती एका शब्दानंही मला कधी सोडत नाही.

"फीत झिजून राह्यली, अन् त्या पोरीची हळद सुकून राह्यली. काहून देत नाई तिले? काय पाह्यता इतकं?"

अकराव्या दिवशी रेखा फोनवर चिडली. "काका, आता कितीक बाकी हाय? एखादं बोट मांगंपुढं झालं तं काय होते? जाऊ द्या न!"

मी फोन ठेवून दिला. त्या पोरीनं माझाच शब्द मला ऐकवला होता.

त्या दिवशी तिकडे काय झालं ते आता सांगतो. जोंगा दुरुस्तीला खाली गेली होती. दोन दिवस वर पाणी गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या युनिटनं एक जीप दिली. जीप जोंगापेक्षा अरुंद. ०६०० ला तपासणी करताना देविदासनं ट्रेलरच्या चाकाशी बसून हात आडवा लावला.

"उस्ताद, ट्रेलर चार बोटं बाहीर निंगून राह्यला."

"वरचे पोट्टे दोन दिसापासून बर्फ वितळून पिऊन राह्यले. चार बोटानं काय होते? जाऊ दे."

तो हसला. मी रजिस्टरमध्ये 'फिट' लिहून सही केली. ट्रेलर नव्या गाडीला जोडलेला म्हणून मीही निघालो. ०६४० ला हललो.

०७५५ ला नाल्याच्या वळणावर पोचलो. तिथे रस्ता डोंगराच्या पोटात शिरून बाहेर येतो, म्हणजे वळणाची आतली बाजू दरीची. ट्रेलर नेहमी आतून वळण कापतो. कडेचं बर्फ वितळून माती भुसभुशीत झालेली. मी खाली उतरून पुढे उभा राहिलो आणि हातानं दिशा देऊ लागलो. अर्ध्यात देविदासनं गाडी थांबवली. डोकं बाहेर काढलं.

"उस्ताद, मांगचं दिसते काय?"

मी पुढे उभा होतो. मला जीपची पुढची चाकं दिसत होती. मागचं काहीच दिसत नव्हतं.

"दिसते," मी ओरडलो. "जाऊ दे!"

तो माझ्या शब्दावर पुढे आला. ट्रेलरचं आतलं चाक कडेवरून घसरलं. भरलेल्या टाकीनं जीपला मागून ओढलं. आवाज फार मोठा झाला नाही. वळण एकदम रिकामं झालं.

माझ्याकडे हातातला वायरलेस सेट होता.

"एक गाडी नीचे गयी. ओव्हर."

"कॅज्युअल्टी? ओव्हर."

"एक. ड्रायव्हर. ओव्हर."

"हालत? ओव्हर."

मी पन्नास फूट खाली उतरून त्याच्याजवळ पोचलो होतो. मी सेटचं बटण दाबून धरलं होतं. ०८२० ला शेवटी उत्तर दिलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीनं लिहिलं, रस्त्याची कड खचली. ते खरंच होतं. चार बोटांचं कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. त्याची पेटी घेऊन अनसिंगला मीच आलो. तिथेही सांगितलं नाही. एकोणीस वर्षं दिवाळीला जात राहिलो, रेखाच्या शाळेच्या वेळी धावत राहिलो, आणि लोक म्हणत राहिले, दोस्ती असावी तर अशी. ते ऐकताना मला स्वतःची लाज वाटायची.

तर फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपला ट्रेलर जोडून मी अनसिंगला गेलो. शोभावहिनी, देविदासची बायको, पडवीत डोक्यावरून वाहून आणलेल्या थोड्या ओल्या हळदीचे गड्डे वेगळे करत होत्या. रेखा धावत जीपकडे निघाली. मी तिला थांबवलं, दोघींना समोर बसवलं आणि उभ्यानंच रिपोर्ट दिला. चार बोटं. 'फिट'ची सही. 'दिसते' म्हणालो ते. काही वगळलं नाही.

रेखा उठून आत निघून गेली. वहिनींचे पिवळे हात तसेच टोपलीत राहिले.

"मले वाटे, तुमी दोस्तीसाठी येता," त्या म्हणाल्या.

"दोस्ती होती, वहिनी."

"तवाच सांगतलं असतं तं मी तुमाले उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं."

"मले तेच भेव होतं."

त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि अंगणात ट्रेलरपाशी गेल्या. "याचे चाकं आता सारखे हायेत?"

"हायेत. लय वेळा मोजलं."

"आता माह्यासमोर मोजा."

फितीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. आधी जीप, मग ट्रेलर. त्यांनी आकडा वाकून स्वतः वाचला, दोन्ही वेळा. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "रेखा, चाल. हळद आणाले जाऊ."

रेखा आली. डोळे लाल होते. माझ्याकडे न पाहता तिनं स्टेअरिंग धरलं. शेतात आम्ही तिघांनी न बोलता पोती भरली. परत येताना फरशीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली. जीपच्या चाकाबाहेर दोन्हीकडे जेमतेम तळहातभर जागा होती, आणि चढावरची माती नाल्याच्या ओलीनं मऊ झाली होती. या वेळी मी मागे उभा होतो, ट्रेलरच्या चाकाच्या अगदी बरोबर मागे. तिनं डोकं बाहेर काढलं.

"काका, मांगचं दिसते काय?"

सकाळचं ऐकून तिनं मुद्दाम विचारलं, की सहज? सगळेच ड्रायव्हर असंच विचारतात. मी खाली बसलो, दोन्ही चाकं नीट पाहिली, मग उठलो.

"दिसते," मी म्हणालो. "जाऊ दे."

गाडी हलली. जीपची चाकं फरशीवर चढली, मागून ट्रेलरची चढली. पोती जरा डुलली आणि सगळं पलीकडच्या पांदणीत निघून गेलं. मी तिथेच उभा राहिलो.

वहिनी माझ्या शेजारी येऊन थांबल्या. ओल्या मातीत चाकाची एकच रेघ उमटली होती, तिच्यापलीकडे लगेच कड. त्या खाली बसल्या. रेघेच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी आपली हळदीची चार बोटं आडवी ठेवली. बोटांखालची माती मोडलेली नव्हती, पण बोटांपलीकडे नालाच होता.

"इतकंच होतं?" त्यांनी विचारलं.

"इतकंच होतं, वहिनी."