सहा नंबरमध्ये मामा राहतात

दिघेमामा माणसाकडे बघत ते पार्सलकडे बघावं तसं. आधी कोपरे, मग दोरी, मग पत्ता. सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलेली; ते निवृत्त झाले, नजर झाली नाही. एखादा गृहस्थ पाच मिनिटं बोलून गेला की मामा निकाल देत, "वरून पॅकिंग छान. आत गवत." मला तर त्यांनी नावच ठेवलं होतं, डॅमेज. "पेटीवर 'ही बाजू वर' म्हणून बाण असतो ना, तुझ्या डोक्यावर तो उलटा छापलाय," हे त्यांनी माझ्या लग्नात, माझ्या सासऱ्यांच्या देखत सांगितलं. सासरे ते आठवून अजून अधूनमधून मान डोलावतात.

मामा माझ्या आईचे चुलतभाऊ. मामी गेल्या, नोकरी संपली, तेव्हा ते बडोद्यातलं घर सोडून वाघोडियाच्या रस्त्यावरच्या एका जुन्या मुसाफिरखान्यात राहायला गेले. 'विसामो' त्याचं नाव, म्हणजे विसावा. आठ खोल्या, वर कौलं, पुढे ओटा आणि ओट्यासमोर शमीचं झाड. म्हातारे मालक चंदुभाई मामांचे दोस्त. कागदबिगद काही नाही; ओट्यावर चहा पिता पिता ते एकदा म्हणाले होते, "दिघेभाई, जीवो त्यां सुधी छ नंबर तमारो." जिवंत असेपर्यंत सहा नंबर तुमचा. या एका वाक्यात मामा सतरा वर्षं राहिले. चंदुभाई गेले, मुलगा निमेष मालक झाला. मामांना दुसरं घर नव्हतं आणि ते शोधायची त्यांना गरजही वाटत नव्हती. वाक्य होतं ना!

मी वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरीला. कारेलीबागेतून स्कूटरवर जाता-येता विसामोवर थांबायचं, मामांची बोलणी खायची, चहा प्यायचा आणि पुढे जायचं, हा माझा शिरस्ता. अशाच एका शनिवारी दुपारी मी 'डॅमेज' हे नाव सार्थ केलं.

त्या दिवशी तिथे एका लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. निमेष बर्फ आणायला गेला आणि जाताना मला गल्ल्यावर बसवून गेला. वऱ्हाडातले एक फेटेवाले काका खोल्या बघत फिरत होते.

"आ छ नंबर केम बंद छे?" त्यांनी विचारलं.

"एमां मामा रहे छे," मी म्हणालो.

काका दोन पावलं मागे सरले. "क्यारथी?"

"बहु वरसथी. चंदुभाईए जग्या आपी छे."

"कोईने हेरान करे?"

"ना रे. बपोरे ऊंघे छे. बारणुं ठोको तो गाळो दे." दुपारी झोपतात, दार वाजवलं तर शिव्या देतात.

माझं गुजराती पक्कं आहे असा माझा समज आहे, आणि या संवादात व्याकरणाची एकही चूक नाही हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. फक्त एवढंच, की गुजरातीत मामा म्हणजे आईचा भाऊ, आणि गावाकडे मामा म्हणजे शमीच्या झाडात वस्ती करणारा आत्मासुद्धा. जन्म बडोद्यात काढून मला ते ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं. त्यांनी समोरच्या शमीकडे पाहिलं, आणि नेमक्या त्याच वेळी सहा नंबरमधून झोपमोड झालेला, घोगरा मराठी आवाज आला, "कोण मेलंय रे तिकडे?"

वऱ्हाड असं पळालं, की तेलात सोडलेली भजीसुद्धा बाहेर काढली नाहीत.

पुढच्या आठवड्यात मामांच्या उंबऱ्यावर एक गुलाब, एक सिगारेट आणि अत्तराचा फाया ठेवलेला निघाला. मामांना भुतापेक्षा त्या गुलाबाचा राग आला. "सोळा वर्षं राहतोय इथे. दिवाळीला कोणी एक चकली आणून दिली नाही. मेल्याची अफवा उठली तर गुलाब!" मग फाया नाकाशी धरून म्हणाले, "आणि अत्तर किती हलकं! नवस नोकरीचा बोलणार आणि आणणार हे."

हळूहळू रांग लागायला लागली. मामा बनियन घालून ओट्यावर पेपर वाचत बसलेले असत आणि लोक त्यांनाच दबक्या आवाजात विचारत, "काका, मामा अंदर छे?"

"बहार गया छे."

"क्यारे आवशे?"

"तमने अक्कल आवे त्यारे."

लोकांना हा साक्षात मामांचा निरोप वाटे. ते आणखी एक गुलाब ठेवून जात.

पण दर्शनाला गर्दी असली तरी मुक्कामाला कोणी थांबेना. ट्रकवाले थांबेनात, फिरते विक्रेते थांबेनात. वर्षभरात विसामो ओस पडला आणि निमेषने ठरवलं, सगळं पाडून लग्नांसाठी पार्टी प्लॉट करायचा. त्याने मामांना खोली सोडायला सांगितली. मामा म्हणाले, "मी जिवंत आहे ना? मग विषय संपला."

एका सकाळी मजूर आले. संध्याकाळपर्यंत सात खोल्या आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ते सहा नंबरपाशी येऊन थांबले आणि मुकादमाने हात जोडले. "शेठ, आने हाथ नहीं अडाडीए. मामानुं थानक छे." याला हात लावणार नाही, हे मामांचं देवस्थान आहे.

निमेषचा चेहरा पाहून मला असा आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या हातून झालेली एक चूक आयुष्यात प्रथमच कामाला आली होती. मी मागच्या खिडकीशी जाऊन कुजबुजलो, "मामा, चार दिवस बाहेर येऊ नका. खोली वाचली. मध्येमध्ये थोडं खोका, म्हणजे झालं."

"म्हणजे भूत होऊन राहू?"

"राहायला मिळतंय ना पण!"

"डॅमेज, चंदूने ही खोली जिवंत माणसाला दिली होती. मेलो असेन तर माझा तिच्यावर हक्कच नाही."

त्यांनी शर्ट घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि अनवाणीच बाहेर आले. मुकादमासमोर उभे राहून म्हणाले, "हुं मामा. पग जो. सीधा छे ने?" भुताची पावलं उलटी असतात. मुकादमाने खरोखर वाकून पाहिलं. "सीधा छे," त्याने कबूल केलं. मग मामा निमेषकडे वळले. "तारा बापाए कह्युं हतुं, जीवो त्यां सुधी. हुं जीवुं छुं. हवे बोल."

मला वाटलं, आता हा मुलगा विरघळणार, पाया पडणार. निमेषने मोबाईलमधलं कॅलेंडर पाहिलं. "तो मामा, रविवार सुधीमां खाली करी आपो ने."

भूत आहे म्हणून ज्या दाराला कोणी बोट लावत नव्हतं, ते आत नुसता जिवंत माणूसच आहे म्हटल्यावर सोमवारी सकाळी चहाच्या आधी पडलं.

मामा आमच्याकडे कारेलीबागेत आले. आमच्या लिफ्टला ते "आरसा लावलेली पेटी" म्हणत आणि तीन मजले पायी चढत. शेजाऱ्यांचे कोपरे आणि दोऱ्या तपासणं चालूच होतं. मला मात्र त्या खोलीवरून ते एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि ते मला जास्त झोंबत होतं. शेवटी एका दुपारी मीच म्हणालो, "मामा, तुमचं घर माझ्यामुळे गेलं."

"तू काही खोटं बोलला नव्हतास," पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले. "ऐकणाऱ्यांच्यात गवत होतं." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. दोन वर्षांनी, अशाच एका दुपारी, झोपेतच ते गेले.

परवा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला त्या पार्टी प्लॉटवर गेलो. शमी शाबूत आहे. तिच्या बुंध्याशी संगमरवरी घुमटी, विजेची माळ, गुलाब, सिगारेटी. पहिल्याच हंगामात वाऱ्याने दोन मांडव पाडले, म्हणून निमेषने ती बांधली म्हणे. जिवंत मामांना रविवारपर्यंतची मुदत देणारा हा गृहस्थ आता मामांपुढे रोज सकाळी दिवा लावतो.

मी बघत उभा होतो, तेवढ्यात वऱ्हाडातले एक फेटेवाले गृहस्थ हलकेच म्हणाले, "हाथ जोडो, भाई. अहीं मामा रहे छे."

"रहे छे नहीं," मी म्हणालो. या वेळी क्रियापद मी नीट निवडलं. "रहेता हता. जीवता हता. हुं एमने रोज मळतो."

मामांना रोज भेटणाऱ्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं. मग हळूच माझ्या पायांकडे.