उरलेले तीन लिटर

सहा वैऱ्यांच्या यादीत मत्सराला शेवटची जागा मिळाली आहे. क्रोध आला की भांडी वाजतात, लोभ आला की खिसे वाजतात. मत्सर येतो तो चपला बाहेर काढून, पाय न वाजवता, आणि घरचाच होऊन राहतो. ज्या गृहस्थाची ही कथा, त्याच्याकडे तो साठ वर्षे मुक्कामाला होता. गृहस्थ वाईट नव्हता हो! देवाने त्याला घडवताना काटेकोरपणा मुठीने घातला आणि विसर घालायचे तेवढे राहून गेले, इतकेच.

ओळखीचे सारे त्याला मापारी म्हणत. चौतीस वर्षे त्याने एका मोठ्या धुलाईखान्याचा बॉयलर सांभाळला. किती पाणी आत गेले, किती वाफ झाली, किती परत आले, हे त्याला झोपेतून उठवून विचारावे. चहात साखर घालतानाही तो चमचा डब्याच्या काठावर सपाट करून घेई. निवृत्तीनंतर त्याने एक जुनी डिझेल गाडी घेतली, पाठीवर घर वाहणारी. पुढे चालकाची जागा, मध्ये ओटा आणि घडीचे टेबल, मागे एक छोटी खोली. मध्यभागी तो आणि त्याची बायको राहत. मागच्या खोलीत त्याची चौऱ्याऐंशी वर्षांची आई. या गाडीच्या इंजिनाला परक्याचा हात म्हणून लागला नाही. ज्या हातांनी आईच्या गोळ्या मोजायच्या, त्याच हातांनी इंजिनाचे तेल मोजायचे, असा त्याचा नेम होता, आणि दोन्हींत त्याचा जीव सारखाच होता.

आणि मापाऱ्याला एक धाकटा भाऊ होता. साऱ्या दुखण्याचे मूळ ते एवढेच.

धाकटा शिलाई मशीन दुरुस्त करी. तो कधी काही मोजत नसे. डोळा बारीक करून बघायचा, अंगठ्याने चाचपायचा, "बसतंय बघ" म्हणायचा, आणि मेले ते बसायचे! तीन हिवाळ्यांपूर्वी तो चार दिवस राहायला आला आणि जाताना आईच्या खोलीत हीटर बसवून गेला. युक्ती साधी होती. इंजिन तापते; त्याचा ताप पोटात घेऊन पाणी पाइपांतून फिरते आणि पुढच्या रेडिएटरच्या जाळीत निवते. धाकट्याने त्या गरम पाण्याचा एक फाटा गाडीच्या पोटाखालून मागे नेला, आईच्या खाटेशी एक लहानशी जाळी आणि पंखा लावला, आणि उशाशी एक पितळी नळ ठेवला. नळ उघडला की खोलीत ऊब.

झाले! आईच्या तोंडी तोच विषय. डॉक्टर आले, "धाकट्यानं बसवलाय." दूधवाली आली, "बसा बाई, हात शेका, धाकट्यानं बसवलाय." रस्ता चुकून वाट विचारायला थांबलेल्या एका परक्या माणसालाही तिने आत बोलावून ती ऊब दाखवली. मापारी दाराशी औषधाचा पेला धरून उभा असे. सहा वर्षे तो तिचे पाय चेपत होता, तिच्यासाठी भात मऊ शिजवत होता, रात्री ती कुशीवर वळली तरी जागा होत होता. त्याचे नाव कोणी घेतले नाही. चार दिवस येऊन गेलेल्याची मात्र आरती. त्याच्या छातीत एक बारीक आच पेटली, आणि ती निववायला कुठलाच पाइप नव्हता.

एका सकाळी आई अंघोळीला गेली असताना त्याने उशाचा पितळी नळ घट्ट बंद केला. सांगितले, मागचा पाइप झिरपतो, उघडू नका. आईने शाल ओढून घेतली. बायको वाकून जमीन बघून आली आणि म्हणाली, जमीन तर कोरडी आहे. तो म्हणाला, पाणी गरम असते, उडून जाते. ती "बरं" म्हणाली. त्या एका अक्षरजोडीत किती माल भरला होता, हे एरवी सारे मोजणाऱ्या माणसाने मोजायचे टाळले. असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या हिवाळ्यात डोंगरापलीकडून निरोप आला. आईची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. अकरा वर्षांत दोघी भेटल्या नव्हत्या. आई म्हणाली, मला घेऊन चला, आणि माझे दोन्ही मुलगे बरोबर हवेत. घाट उंच, दुपारी चारनंतर धुके उतरते आणि वरचे फाटक बंद होते. एकदा परत फिरावे लागले तर आईच्या कंबरेत दुसरी खेप नव्हती. हे सर्वांना ठाऊक होते.

मापाऱ्याने आदल्या दिवशी इंजिनाची पूजा मांडावी तशी तयारी मांडली. गार इंजिनाखाली परात सरकवली, खालची तोटी सोडली, गंजकट पाणी भांड्याभांड्याने मोजले. अठरा लिटर. आतून साफ पाणी खेळवले, ते निवळशंख येईपर्यंत. प्रत्येक होज पाइप बोटांनी दाबून पाहिला; दोन फुगलेले होते, ते नव्या क्लिपांसह बदलले. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापले की उघडणारी झडप, काढून बायकोच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरला, तो वेळेवर उघडतो का ते पाहिले. पंख्याचा पट्टा ताणला. मग इंजिन गार ठेवणारे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे, बरोबर अठरा लिटर कालवले.

आता भरायचे. भरताना हीटरचे नळ उघडे ठेवायचे, नाहीतर त्या फाट्यात हवा कोंडते. हे त्याला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? हातात फडके घेऊन तो मागच्या खोलीकडे निघालाही. पण दारातच थबकला. धाकटा दुपारीच येऊन पोचला होता आणि आईच्या खाटेवर मांडी घालून बसला होता. आई त्याच्या कुठल्याशा गोष्टीवर तोंडाला पदर लावून हसत होती. मापाऱ्याने तिला गेल्या वर्षभरात असे हसताना पाहिले नव्हते. धाकटा म्हणाला, "दादा, तो झिरपणारा पाइप बदलूनच टाकू. नवा आणलाय मी. दहा मिनिटांचं काम."

नवा पाइप बसवायचा म्हणजे जुना निघणार. जुना निघाला की तो धडधाकट दिसणार. मापारी म्हणाला, आता वेळ नाही, परत आल्यावर बघू. आणि नळ तसाच बंद ठेवून तो पुढे आला, भरू लागला. पंधरा लिटरला रेडिएटरचे तोंड काठोकाठ भरले. डब्यात तीन लिटर उरले.

अठरा काढले, पंधरा भरले! ज्या माणसाने चौतीस वर्षे वाफेचासुद्धा हिशेब ठेवला, त्याच्यासमोर तीन लिटर उघडे पडले होते आणि म्हणत होते, बाबा रे, आमची जागा कुठे आहे ते तुला माहीत आहे. त्याने डब्याला बूच लावले, डबा सीटखाली सरकवला आणि मनाला सांगितले, काढताना गंजाचा गाळ जास्त मोजला असेल. मनानेही मान डोलावली. मत्सराच्या पंक्तीला बसलेले मन वाढेल ते खाते.

दुसऱ्या दिवशी निम्म्या घाटापर्यंत इंजिनाच्या तापाचा काटा मधोमध उभा होता. मापारी मनातल्या मनात आपलीच पाठ थोपटत होता. बायको शेजारी, धाकटा मधल्या टेबलाशी, आई मागे. वर वर जावे तशी काचेवर बाफ धरू लागली. आणि एका वळणावर काटा हलला. थोडा चढला, थांबला, मग सरसर लाल पट्टीकडे निघाला. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले. घड्याळात सव्वाबारा. पुढे झाकणाखाली वाफ सुस्कारत होती.

सगळे खाली उतरले. गरम झाकणाला हात लावायची सोय नव्हती. निदान पाऊण तास थांबायचे. धाकट्याने वाकून सगळीकडे पाहिले. कुठे थेंब नाही, गळती नाही. मग त्याने पाण्याच्या पाइपावरून हात फिरवत फिरवत मागची चाके गाठली आणि तिथून विचारले, "दादा, मागचा पाइप गरम कसा? नळ तर बंद आहे ना?"

मापारी दारातून आत गेला. आई खाटेवर बसली होती, दोन्ही तळवे हीटरच्या जाळीपुढे धरून. उशाचा पितळी नळ उघडा होता.

त्याला क्षणात सारे दिसले. तो कोंडलेला फाटा, त्यातली हवा, नळ उघडताच पुढचे पाणी मागे धावले असेल आणि मागची हवा इंजिनाच्या डोक्यात जाऊन बसली असेल. तीन लिटर हवा. त्याने स्वतः मोजून भरलेली.

"आई, तू नळ उघडलास?"

"उघडला," आई म्हणाली. "अकरा वर्षांनी ताईचा हात हातात घेणार. असे बर्फासारखे हात घेऊन जाऊ तिच्याकडे?"

"पण मी सांगितलं होतं, झिरपतो म्हणून."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "नाही झिरपत रे. दोन हिवाळे मी त्या पाइपाखाली रुमाल ठेवून बघितला. रोज कोरडा." मग म्हणाली, "म्हटलं, थोरला समजूतदार आहे. एक दिवस आपणच उघडेल."

ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते. त्याने तिचा हात हातात घेतला. बोटांची पेरे सुजली होती. सहा वर्षे गोळ्या मोजल्या, पण ही पेरे कधी सुजली ते त्याला सांगता आले नसते.

खाली उतरून तो धाकट्यासमोर उभा राहिला. बायको ऐकत होती, ऐकू दे. "पाइप धड आहे," तो म्हणाला. "नळ मी बंद केला होता. तुझं नाव ऐकवत नव्हतं मला."

धाकट्याने मान खाली घातली. एक दगड उचलून तो दुसऱ्यावर उगीच घासत राहिला. "हीटरच्या आधी आई माझ्याकडे महिनाभर होती, तेव्हा माहीत आहे काय चाललं होतं? भात कच्चा आहे, थोरला मऊ करतो. पाय नीट चेपत नाहीस, थोरल्याचा हात बघ. शेवटी मी म्हटलं, आई, तुला थोरल्याकडेच पोचवतो, माझी सुटका कर. तुझ्यावर इतका जळलो की हीटर बसवला." मग डोळे पुसत विचारले, "सीटखाली किती उरलंय?"

"तीन लिटर."

"आणि तू ते सीटखाली ठेवलंस, मापाऱ्या?" वहिनीने तेवढ्यात पदराने तोंड झाकले; पहिल्यांदा हसली ती.

पाऊण तासाने झाकणावर फडके ठेवून ते हळू उघडले. चढावर नाक वर करून उभी असलेली गाडी. हवेला बाहेर पडायला याहून चांगला कोन कोणता मिळणार? पितळी नळ पूर्ण उघडा ठेवला. इंजिन मंद चालू केले. थोरल्याने डबा तिरपा केला, धाकटा मागे पाइपाला कान लावून बसला. पुढच्या तोंडातून बुडबुडे येऊ लागले. मोठे, मग लहान, मग मोहरीएवढे. धाकटा मागून सांगे, गुळगुळ चालू आहे, अजून ओत. थोरला ओतत होता. डबा रिकामा झाला आणि पाणी काठाशी येऊन स्थिर उभे राहिले. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. देवाघरचे माप असेच असावे.

फाटकापाशी ते चाराला सात मिनिटे कमी असताना पोचले.

मावशीच्या खोलीत आई तिच्या खाटेवर टेकली. नुसते हात हातात. मग मावशी क्षीण आवाजात म्हणाली, "गाडीतून आलीस नि हात किती गरम गं तुझे!"

आईचा चेहरा उजळला. "धाकट्यानं हीटर बसवलाय ना," ती म्हणाली.

दाराशी औषधाचा पेला धरून मापारी उभा होता. आच पुन्हा उठली, ओळखीच्या जागी, ओळखीच्या वेळी. धाकट्याने त्याच्याकडे चोरून पाहिले. मापाऱ्याने पेला खिडकीत ठेवला आणि तो गाडीकडे गेला. मागच्या खोलीत शिरून त्याने नळ उघडा असल्याची खात्री केली. मग इंजिन निवेपर्यंत पायरीवर बसून राहिला आणि निवल्यावर पाणी पाहिले. अर्धा पेला कमी होते. त्याने तेवढे मोजून घातले.