गोजरबाईची हाक

बारवेचं पाणी नंतर दिसायचं, गोजरबाईचा आवाज आधी ऐकू यायचा. धामणगाव बढ्याच्या रस्त्यावर फाट्याला उतरून, कपाशीच्या बांधाबांधानं लोक यायचे, जुनी कोरीव कमान बघून हरखायचे, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आत वरून गरजायची बाई, "धीरानं उतर बे! खाली शेवाळ हाये! मानूस गेला हाये इथं!" बाई कसली, लग्नातला भोंगाच तो! नवी नवरानवरी तर अर्ध्यातूनच माघारी फिरायची.

गेलेला माणूस म्हणजे तिचाच नवरा, कडूबा. बारव झाडायचं काम त्याचं होतं. तो घसरून बुडाला आणि झाडू हिच्या हाती आला. त्याला आता नऊ वर्षं झाली. पोरबाळ नाही. घरी बोलायला होतं कोण? चूल आणि चार भांडी. "हो आजी, जपून उतरतो," असं कुणी वळून म्हणालं की तेवढंच तिचं दिवसभराचं बोलणं. त्यावर ती भाकर गोड करून खायची.

पावसाळा सरल्यावर दीपमाला आली. बुलडाण्याची पोरगी, विद्यापीठात शिकणारी. लोक जुन्या जागा बघून फोनवर फोटो टाकतात, खाली चार शब्द लिहितात. त्या शब्दांवरून त्यांना तिथं कितपत भीती वाटली ते ती काढत होती. भीतीच्या वाक्याला कॉम्प्युटर लाल ठिपका देई, आनंदाच्या वाक्याला हिरवा.

"मावशी, तुमची बारव सगळी लाल आहे," ती म्हणाली आणि वाचून दाखवू लागली. 'जागा सुंदर, पण अंगावर काटा येतो.' 'एक बाई सारखी मरणाचं बोलते.' 'मुलांना नेऊ नका.'

गोजरबाईचं तोंड एवढंसं झालं. "मी त्याहिच्या भल्यासाठीच सांगतो ना वं माय!"

"माहीत आहे. पण हा अहवाल वर सरकारकडं जाणार. लालच राहिलं तर धोक्याची जागा म्हणून लोखंडी दार लावून कुलूप घालतील."

"कुलूप? मंग मी बोलू कोणासंग?"

दीपमालानं फोन पिशवीत टाकला. निघताना ती घुटमळली. "खरं तर मी हे सांगायला नको. पण दोन महिने ओरडू नका, मावशी."

झालं! गोजरबाईनं तोंड शिवलं. रोज पहाटे विटकरीनं पायऱ्या घासायची, आणि दिवसभर लिंबाखाली पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. मेलं शेवाळ चार दिवसांत परत हिरवं. लोक येत, खिदळत, फोटो काढत आणि तिच्यासमोरून निघून जात. कुणी "हो आजी" म्हणेना. म्हणतील कसे? हाकच नव्हती. माणसांची गर्दी वाढली तशी बाई आणखी एकटी पडली. दीपमालाचा मात्र फोन आला, "मावशी, हिरवं दिसायला लागलंय! थोडेच दिवस."

शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या पोरींचा घोळका आला. त्यातली एक पाण्याकडं पाठ करून, फोन उंच धरून, मागं मागं उतरू लागली. गोजरबाईनं पदर दातात घट्ट आवळला. पोरीची टाच हिरव्या पायरीला लागली.

"थांब वं!"

सगळी बारव दणाणली. पोरगी दचकून जागच्या जागी बसली. ती वाचली, पण हातातला फोन पाण्यात गेला. रडत, चिडत ती वर आली आणि बाईकडं न बघताच निघून गेली. मैत्रिणीच्या फोनवरून तिनं लिहिलं, 'भयंकर जागा. म्हातारी अंगावर ओरडली, फोन बुडाला. चुकूनही जाऊ नका.' बघता बघता ते हजारो लोकांनी पुढं पाठवलं. सगळं पुन्हा लाल झालं.

संक्रांतीनंतर दार बसलं. दीपमाला भेटायला आली तेव्हा गोजरबाई कुलपाबाहेरचा पाला झाडत होती. तेवढंच काम उरलं होतं.

"मी लिहिलं होतं मावशी, की तुमच्यामुळं ती मुलगी वाचली. त्यांनी नुसते ठिपके बघितले." दीपमालानं कुलूप हलवून बघितलं. "तेवढे चार दिवस तुम्ही गप्प राहिला असतात तर..."

"गप राह्यली होती एकडाव." गोजरबाईनं झाडू खाली ठेवला. नऊ वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. "माहा मानूस गेला त्या रोजी आमचा अबोला होता. भाजीत मीठ जास्त झालं, त्यानं ताट सारलं, एवढ्यावरून. तीन दिवस झाले होते. तो एकेक पायरी उतरून राह्यला होता अन् मी इथं वर उभी. पायरी हिरवी दिसत होती मले. दिसत होती वं. म्हटलं, आधी त्यानं बोलावं, मंग मी बोलीन."