बॉनेटखालची चुंबळ

सहकाराचा प्रचार एस.टी.च्या मागच्या सीटवर आदळत करायचा नाही, असं मी त्या उन्हाळ्यात ठरवलं आणि मेहुण्याची गाडी मागून घेतली. साल ऐंशीच्या पुढचं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दडी मारलेली. गावोगावच्या सोसायट्यांत ‘सहकारातून दुष्काळावर मात’ या विषयावर व्याख्यान देणं ही माझी नोकरी. दुष्काळ होता तसाच होता, व्याख्यानं मात्र वाढली होती.

चावी देताना मेहुणा म्हणाला, “चाक वळवून कशाला टेकवून गाडी लावू नका. स्टिअरिंगचं कुलूप आवळतं.” मी मान हलवली. न ऐकता मान हलवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

सकाळी उस्मानाबाद सोडलं. येरमाळ्याला हायवेवर भजी खाल्ली. हॉटेलवाल्यानं पाण्याचा पेला अर्धाच भरून दिला. “वाटलं तर च्या दुसरा घ्या, साहेब. पानी मागू नका.”

तिथून भूमच्या वाटेला लागलो. रानात ढेकळांशिवाय काही उगवलेलं नव्हतं. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. गाडी दिसली की हातोडे थांबत. आत मजुरी वाटणारा साहेब नाही, मी एकटाच आहे असं दिसलं की पुन्हा सुरू होत.

ईटच्या अलीकडच्या त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथं मला अजून ओळखतात. सोसायटीची कचेरी एका चढाच्या बोळात होती. बोळ जेमतेम एका ट्रकपुरता आणि वर आडाच्या (अरुंद तोंडाच्या विहिरीच्या) चौकात उघडणारा. गावात सावली म्हणावी ती त्याच बोळातल्या एका कडुलिंबाची. मी गाडी तिथं घातली आणि उतारावर घसरू नये म्हणून पुढचं चाक करकचून वळवून एका धोंड्याला टेकवलं. आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. मेहुणा आठवला नाही.

चेअरमन आबांनी भाकरी, पिठलं आणि शेंगाची चटणी वाढली. मग संचालकांसमोर व्याख्यान सुरू झालं. “एकमेकांना वाट करून देणं, यालाच सहकार म्हणतात!” असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली आणि बाहेर भोंगा वाजला.

पाण्याचा टँकर. आठ दिवसांनी आलेला. तो चौकात जाऊन आडात रिता व्हायचा होता, आणि बोळात माझी गाडी. वर आडाभोवती घागरींची रांग, मागं बाया. त्या घागरींकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

मी धावत जाऊन चावी घातली. फिरेना. ओढली, तर निघेना. दोन्ही हातांनी पिळली. चावीपेक्षा माझाच अंगठा जास्त वळला.

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, “मला अजून दोन गावं हायती. एकदा का रिव्हर्स घेतला, तर माघारी न्हाय यायचो.”

“हितंच घागरी भरून दे की,” कुणीतरी म्हणालं.

“दिवस मावळंल तेवढ्यात!”

आबा म्हणाले, “गडबड नको. तातडीची बैठक घेऊ.” पाच मिनिटांत गाडी मागं ढकलण्याचा ठराव मांडून त्याला अनुमोदनही मिळालं. विरोधी गटाचे तात्या ताडकन उठले. “मागं कशी? म्होरं (पुढे) ढकलायची!” आबांचा गट बॉनेटला भिडला, तात्यांचा डिकीला, आणि दोघांनी जीव खाऊन जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही. ड्रायव्हरनं टँकर सुरू केला.

तेवढ्यात साठी उलटलेली एक बाई वरून खाली आली. गावाची गोदामाय. डोक्यावर चुंबळ (घागरीखाली घ्यायचं फडक्याचं वेटोळं), काखेत रिकामी कळशी.

“ओ भाषनवाले, चाक धोंड्यावर रेटलंय, दिसंना व्हय तुमाला? बैलाचं शिंग दाव्यात अडकलं तर तुमी काय करता? शिंग पिळता का दावं ढिलं करता?”

मला दोन्हींचा अनुभव नव्हता.

“सरका ओ ठराववाले! याऽ गं समद्या!”

दहाबारा बायांनी बंपरखाली हात घातले. “उचलाऽ!” गाडीचं नाक हवेत गेलं, चाक धोंड्यावरून सुटलं, स्टिअरिंग सैल पडलं. “फिरवा आता!” चावी अशी फिरली, जणू काही घडलंच नव्हतं.

“व्हा बाजूला,” मी ऐटीत म्हणालो. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा घरघर, पुन्हा शांत.

ड्रायव्हर कपाळावर हात मारत उतरला. बॉनेट उघडून म्हणाला, “उन्हानं नळीत पेट्रोलची वाफ झालीया. पंपावर वलं फडकं ठिवा.”

माझ्या खिशातून पांढरा, इस्त्रीचा रुमाल डोकावत होता. तो मी काढला नाही. उलट आजूबाजूला फडकं शोधू लागलो, हे इथं कबूल करतो. गोदामायनं डोक्यावरची चुंबळ काढली, टँकरच्या गळक्या तोटीखाली भिजवली आणि पंपावर दाबून बसवली. थोड्या वेळानं इंजिन पेटलं. मी गाडी वर चौकात नेली, मागून टँकर आला आणि आडात धो धो पाणी कोसळलं. उरलेलं व्याख्यान कुणी मागितलं नाही. आबांनी इतिवृत्तात मात्र लिहून घेतलं: ‘वक्त्यांनी प्रात्यक्षिकासह मार्गदर्शन केले.’

परतताना कुठंही इंजिन बंद केलं नाही. घरी मेहुण्यानं बॉनेट उघडलं आणि विचारलं, “हा कुठला पार्ट?” हिरव्या काठाच्या जुन्या लुगड्याची ती चुंबळ वाळून कडक झाली होती. म्हणजे त्या दिवशी गोदामायनं कळशी उघड्या डोक्यावर नेली असणार.

पुढच्या आठवड्यात मी एस.टी.नं जाऊन चुंबळ परत केली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

“पेट्रोलचा वास मारतोय, पर चालंल. लेकरू चांगलं हाये तुमी,” ती म्हणाली. “फकस्त त्या दिशी खिशातला रुमाल न्हाय काढला.”

अजूनही सहकारावर बोलायला उभा राहिलो की माझा हात आधी खिशाकडं जातो.