वहिनींची बाई

दुबईत त्या काळी जेवढी म्हणून मराठी माणसं राहत होती, त्या सगळ्यांच्या वाट्याची भीती आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी एकट्याच बाळगून होत्या, असं मी शपथेवर सांगेन. देरा भागातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आली की आधी मला आत ढकलायच्या आणि मी जिवंत आहे याची खात्री पटली की मग स्वतः शिरायच्या. रस्ता ओलांडताना सिग्नल हिरवा झाला तरी जागच्या हलायच्या नाहीत. "पहिला हिरवा आपल्यासाठी नसला तर?" म्हणून दुसऱ्या हिरव्याची वाट बघायच्या, आणि तोवर माझ्या पिशवीतलं दूध उन्हात नासायचं. पोलिसांची गाडी नुसती शेजारून गेली तरी पर्समधून हेल्थ कार्ड काढून हातात धरायच्या. घरातले दोन्ही पासपोर्ट रव्याच्या डब्यात, का, तर म्हणे चोर उपमा करत बसत नाहीत. माझी सई तेव्हा सात वर्षांची. ती सुद्धा म्हणायची, "ममा, आंटी इज स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग!" मी तिला दटावायची आणि आत जाऊन पोट धरून हसायची.

पण याच वहिनी मधूनच मान खाली घालून, कढीपत्ता निवडता निवडता, असं काही बोलून जायच्या की माझ्या हातातला चहा हिंदकळायचा. भाऊजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, चारचौघांत "हिला काय कळतंय" म्हणायची खोड होती. एकदा ते तसं म्हणाले, तर वहिनी हळूच म्हणाल्या, "आमची बाई म्हणते, देवानं अक्कल वाटली तेव्हा बायकांना काही रांगेतून बाहेर काढलं नव्हतं." आणि लगेच घाबऱ्याघुबऱ्या होऊन, "मी नाही हो, बाई म्हणते!" दुसऱ्या दिवशी आणखी काही. बाई म्हणते, लग्नात मुलीला विचारतात ते उत्तर ठरल्यावरच. बाई म्हणते, पुरुष चिडला तर त्याला स्वभाव म्हणतात आणि बाई चिडली तर तिला औषध देतात. मी मनात म्हणायची, अगं बाई, एवढी फटकळ मोलकरीण ही ठेवते तरी कशी? माझ्याकडे असती तर दुसऱ्या दिवशी नारळ दिला असता. तिला कधी पाहिलं नव्हतं, पण म्हटलं, येत असेल आपण बाजारात असताना.

ही बाई कोण, हे मला फार उशिरा आणि फार वाईट वेळी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. ती मोलकरीण नव्हतीच. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुठल्याशा बंदरात एका जहाजवाल्या व्यापाऱ्याची बायको होऊन गेली, ती ही. नवऱ्याच्या मालाच्या याद्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर तिनं चोरून एक आख्खं तत्त्वज्ञान लिहिलं. तिचं म्हणणं असं, की भित्रेपणा बायकांच्या रक्तात नसतो. मुलीला भरतकाम शिकवतात तसंच तिला भ्यायलाही शिकवतात, आणि एकदा हात बसला की तिला वाटतं हे आपल्याला जन्मतःच येतं. पुस्तक निघालं ते बिननावाचं. गावच्या धर्मगुरूंनी तिला बोलावून विचारलं, हे तूच लिहिलंस का? त्या चौकशीच्या नोंदीचं पुढचं पान हरवलं आहे. तिनं काय उत्तर दिलं ते कुणालाच ठाऊक नाही.

वहिनी पुण्याला या बाईवर पीएचडी करत होत्या. प्रबंध अर्धा झाला आणि लग्न ठरलं. इथं आल्यावर त्यांच्या पासपोर्टात शिक्का बसला, 'हाऊसवाइफ, नॉट अलाउड टु वर्क.' तो वाचून त्यांना धडकीच भरली. लिहिणं हे काम धरतात का? विचारायचं कुणाला? म्हणून भाऊजींच्या ऑफिसच्या जुन्या डायऱ्यांमध्ये त्या बाईचं सगळं चरित्र त्या मराठीत चोरून लिहीत होत्या, आणि कोणी विचारलंच "कोण ही बाई?" तर लाल होऊन म्हणायच्या, "आहे एक."

त्यात ती जगभरची मंदी आली. तोवर वहिनींच्या भीतीला हसणारे आम्ही सगळे एका महिन्यात त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या. सकाळी अकरा वाजता लिफ्टचा आवाज आला की मजल्यावरच्या सगळ्या बायका दाराच्या भिंगाला डोळा लावायच्या, कारण त्या वेळी घरी येणाऱ्या नवऱ्याच्या हातात ऑफिसच्या टेबलावरच्या सामानाचं खोकं असायचं. माझा नवरा जेवताना बोलेनासा झाला होता. रोज बाहेर पडताना तो "येतो" म्हणायचा आणि मी देवाला म्हणायची, आज संध्याकाळीच येऊ दे बाबा, आधी नको.

एका मंगळवारी अकरा वाजता खोकं आलं ते समोर. भाऊजींची अल क्वोज भागातली नोकरी गेली. तीस दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. भाऊजी आतल्या खोलीत पडदे ओढून जे आडवे झाले ते उठेचनात. या वहिनींना मग त्यांचा बायोडेटा घेऊन एकटीनं वणवण फिरावं लागलं, अबुधाबीच्या बसमध्ये सुद्धा.

आणि त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे राखणदार, माझ्या दारात आला. बिनव्हिसाच्या मोलकरणींसाठी धाडी पडताहेत, सापडली तर आख्ख्या बिल्डिंगला त्रास होईल, असं सांगून म्हणाला, "मॅडम, इस फ्लोर पे किसी ने बाई रखी है क्या?" माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात त्या दिवशी कामावरून काढायच्या लोकांची यादी लागायची होती. आपलं नाव कशातच नको, एवढंच माझ्या डोक्यात. मी बोलून गेले, "सामनेवाली के पास है. रोज उसकी बात करती है." दार लावलं आणि मग काय बोलून बसले ते उमगलं. त्यांचं घर आधीच बुडत होतं. वर दंड आणि काळी यादी झाली, तर भाऊजींना या देशात पुन्हा नोकरी कोण देणार होतं? पण दार उघडून नातूरला परत काही मी बोलावलं नाही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या दारात दोघं आले. एक पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले, स्थानिक साहेब, एक त्यांचा मदतनीस. माझं दार किलकिलं होतं. साहेबांनी अगदी अदबीनं, स्वच्छ हिंदीत विचारलं, "मॅडम, बाई किधर है?"

वहिनींचा चेहरा पांढराफटक. "बाई? बाई तो... मर गई."

मदतनिसानं थेट खिशातून फोन काढला. "मर गई? कब?"

"साढ़े तीन सौ साल हुए."

साहेबांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा छताकडे. मग म्हणाले, "पानी पियो, मॅडम. बैठो." घर तपासलं. दुसरं माणूस कुठेच नाही, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले भाऊजी तेवढे. पलंगाखाली मात्र डायऱ्यांची चळत निघाली, त्यावर भाऊजींच्या कंपनीचं नाव. साहेबांनी एक उघडली. "ये किसने लिखा?"

तोवर मी त्यांच्या उंबऱ्यापाशी पोचले होते. "ह्यांचं आहे" म्हटलं असतं की संपलं असतं. भाऊजी सुद्धा उशीतून पुटपुटले, "अगं, माझं म्हणून सांग." वहिनींच्या हातात अजून पाण्याचा पेला होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"मैंने," त्या म्हणाल्या. "सब मैंने लिखा है. मेरे वीज़ा पे काम मना है. लेकिन लिखा मैंने ही है."

साहेबांनी डायरी मिटून दोन्ही हातांनी त्यांच्याकडे परत दिली. "इसके लिए वीज़ा नहीं लगता. खलास, मॅडम." आणि निघून गेले. वहिनी जमिनीवर बसून हमसून हमसून रडल्या. मी आत गेले, त्यांना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, सगळं केलं. सांगायचं तेवढं सांगितलं नाही.

नोकरी शेवटी मिळालीच नाही. तिसाव्या दिवशी ते पुण्याला गेले. आमचं नाव यादीत आलं नाही, आम्ही राहिलो. दोन वर्षांनी एका दुपारी वहिनींचा फोन आला. पुस्तक निघालं होतं, वर त्यांचं नाव, सबंध, आडनावासकट. भाऊजी प्रुफं तपासतात म्हणाल्या. खूप हसलो आम्ही. मग त्या सहज म्हणाल्या, "सईची आई, तेव्हा कुणी सांगितलं असेल हो त्यांना?"

मी म्हटलं, "कोण जाणे! असेल कुणीतरी मेला!"



"असू दे," वहिनी म्हणाल्या. "घाबरली असेल बिचारी."